हेमराजची चूल

एटापल्लीच्या रस्त्यावर खनिजाचा एक ट्रक आडवा झाला होता आणि दोन्हीकडे गाड्यांची रांग लागली होती. संघप्रिया कंटाळून संस्थेच्या जीपमधून उतरली. लाल धूळ पापण्यांवर बसत होती. समोर एक सावळा, उंच तरुण मोटरसायकलला टेकून उभा होता. मागच्या सीटवर चादरीत गुंडाळलेलं काहीतरी दोरीनं बांधलं होतं.

"काय आहे हे?" तिनं विचारलं.

"नवरी," तो गंभीरपणे म्हणाला. "सासरी पोचवून राह्यलो."

त्यानं हळूच चादर सारली. आत मातीची चूल होती, मागे धुराड्याला तोंड असलेली.

"नाजूक दिसते..."

"लय नाजूक! खड्डा आला का मी उतरून गाडी ढकलतो. अन् तुम्ही?"

"मी आकडे पाहते. आरोग्य संशोधनातले."

"म्हणजे संघप्रिया मॅडम!" तो खळखळून हसला. "मग माह्या नवरीचं नशीब तुमच्याच हाती."

तो डॉक्टर हेमराज. सिंदेवाहीकडच्या तलावावर मासे धरणाऱ्या घरातला. धुरानं भरलेल्या स्वयंपाकघरात खोकत खोकत त्याची तान्ही बहीण गेली होती, आणि तेव्हापासून बिनधुराच्या चुलीनं त्याला झपाटलं होतं. बाळांचा न्यूमोनिया या चुलीनं कमी होतो का, हे आता तपासायचं होतं. चिठ्ठ्या टाकून निम्म्या गावांत चुली बसवायच्या, उरलेल्यांत नंतर. सगळी आखणी संघप्रियाची होती; संस्थेतली ती वरिष्ठ जैवसंख्याशास्त्रज्ञ. अभ्यास संपेपर्यंत निकालात डोकावायचं नाही, हा नियमही तिचाच.

मग गावोगाव दोघांचं सोबत फिरणं सुरू झालं. एकदा बुधरी नावाच्या म्हातारीच्या घरी संघप्रियानं नव्या चुलीत फुंकणीनं विस्तव पेटवला. गालाला राख लागली.

"इथं..." हेमराज बोट दाखवत म्हणाला. "नाई, थोडं इकडं... राहू दे. चांगलं दिसते."

"डॉक्टर, तुमचं लक्ष चुलीकडं असू द्या."

"चूल पेटली ना आता—"

बुधरी पदर तोंडाला लावून हसली. संघप्रियानं मान खाली घातली, पण राख तिनं पुसली नाही.

लग्नाला घरच्यांची आडकाठी नव्हती. चिमूरहून तिच्या बाबांनीच फोनवर विचारलं होतं, "पोराकडचे कधी येऊन राह्यले?"

"निकाल लागू द्या, बाबा," ती लाजून म्हणाली होती. हेमराजची तशी इच्छा होती. आधी चूल, मग लग्न.

निकाल लागला तेव्हा जंगलात मोहफुलं पडत होती. संघप्रियानं आकडे पाहिले. पुन्हा पाहिले. सहकाऱ्याकडून पुन्हा स्वतंत्रपणे काढून घेतले. चुलीच्या गावांतही बाळं बाकीच्या गावांइतकीच आजारी पडली होती. काहीच फरक नव्हता.

दुसऱ्या कुणाच्या तोंडून त्याला कळू नये म्हणून तीच त्याच्या खोलीवर गेली आणि सांगितलं.

"ज्यांनी रोज चूल वापरली, तेवढीच घरं धर ना," तो म्हणाला. "तिथी फरक दिसन."

"दिसेल. मी पाहिलं. पण ती घरं रस्त्यालगतची आहेत हेमराज, खाऊन-पिऊन बरी. तिथली बाळं चुलीशिवायही धडधाकटच राहिली असती. तो फरक चुलीचा नाही."

"एवढं कोण पाहते?"

"मी पाहते..."

"तू माह्या बाजूनं काऊन नाई, संघप्रिया?"

उद्या सरकार हीच चूल हजारो घरांत देईल, आया बिनघोर होतील, आणि बाळं तशीच खोकत राहतील. हे तिनं त्याला सांगितलं. तिचा हात त्याच्या हातात होता, तो त्यानं अलगद सोडला.

पुढच्या आठवड्यात त्यानं स्वतः बुधरीच्या गावात बैठक घेतली. चुलीनं आजार थांबत नाही, हे उभं राहून सांगितलं. आवाज कापला, पण एक शब्दही त्यानं गाळला नाही. बुधरीचा तान्हा नातू त्या हिवाळ्यात न्यूमोनियानं गेला होता. तिनं एवढंच विचारलं, "मंग कशानं थांबते, डॉक्टर?" "मले नाई माहीत," तो म्हणाला. मागे उभ्या संघप्रियाला त्या क्षणी तो जितका आवडला, तितका कधीच आवडला नव्हता.

आणि त्याच महिन्यात त्यानं मेळघाटातली नोकरी धरली.

गडचिरोलीच्या स्टँडवर नागपूरची गाडी लागली होती. हेमराज खिडकीशी बसला होता, संघप्रिया खाली उभी होती.

"तू आकडा फिरवला असता ना," तो म्हणाला, "तं आज आपलं लग्न झालं असतं. मले काई कळलंही नसतं."

"मला कळलं असतं. रोज, तुझ्या शेजारी बसून..."

"माहीत आहे." तो कसनुसा हसला. "तूच बरोबर होती. तुह्यावर राग नाई. पण तुले पाह्यलं का मले तो आकडा दिसते अन् माही बहीण दिसते. कितीही केलं तरी..."

"मी वाट पाहू का?"

"नको." त्याचे डोळे भरून आले. "तुह्याएवढं प्रेम मी कोणावर केलं नाई, संघप्रिया. पण वाट नको पाहू."

गाडी हलली. तिनं खिडकीला टेकवलेला हात गाडीबरोबर थोडा पुढं गेला आणि सुटला. धुळीत ती तशीच उभी राहिली.

फुटाणे विकणारी गुणाबाई टोपली सावरत जवळ आली. संघप्रियाच्या तोंडाकडं पाहून थबकली.

"डोळ्यात धूळ गेली का, बाई?"

"नाही," संघप्रिया म्हणाली. "रडून राह्यली."