मुरुमची गाडी

फेब्रुवारीच्या एक तारखेला सकाळी वृषालीनं दूध तापायला ठेवलं, आणि सायीचा वास नाकात जाताच तिला मोरीकडं धावावं लागलं.

मागच्या ऑक्टोबरातही असंच झालं होतं. तेव्हा तिनं पित्त समजून गोळ्या घेतल्या. दिवसभर झोप यायची, घडीघडी लघवीला जावं लागायचं, छाती जड होऊन दुखायची. लेकीच्या, अक्षराच्या मागं पळून दमणूक होत असेल म्हणून तिनं सगळंच बाजूला सारलं. बी.एस्सी. झालेल्या बाईला स्वतःचीच लक्षणं कळू नयेत? रक्त दिसलं तेव्हा कुठं उमरग्यातल्या दवाखान्यात सोनोग्राफी झाली. नऊ आठवडे, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. शेंगदाण्याएवढ्या पांढऱ्या ठिपक्याचा फोटो हातात आला, आणि त्याच संध्याकाळी सगळं गेलं.

अडीच वर्षांच्या अक्षराला तिच्या आजीनं, मुक्ताबाईनं सांगितलं, "बाळ मुरुमला गेलंय. माझ्या माहेराला. एसटीनं."

तेव्हापासून पाळीची प्रत्येक तारीख वृषाली कॅलेंडरवर लाल पेनानं गोल करायची. शेवटचा गोल सहा जानेवारीचा होता. या खेपेला पहिलंच लक्षण ओळखायचं आणि जपायचं, एवढं तिनं मनाशी धरलं होतं.

"पाळीला अजून दोन दिवस आहेत, आत्या," तोंड पुसत ती सासूला म्हणाली. "एवढ्यात उलटी कशी?"

"पोट काय कॅलेंडर बघतंय व्हय?" मुक्ताबाईनं आल्याचा तुकडा मिठात बुडवून तिच्या तळहातावर ठेवला. "चघळ. आन् दुधाकडं म्या बघते."

उंबऱ्यात बसलेली अक्षरा म्हणाली, "मुरुमची गाडी आली."

समोरचा रस्ता रिकामा होता.

पाळी चुकली. चाचणीच्या पट्टीवर दोन रेघा उमटल्या. प्रसेनजितनं बायकोला पाण्याची कळशीसुद्धा उचलू दिली नाही. शाळेतून दुपारी दोनदा फोन करायचा, नि काय बोलावं ते न सुचून भाजीचे भाव विचारायचा.

पण दहा तारखेला वृषालीला सलवारीची नाडी दोन बोटं सैल करावी लागली.

मुक्ताबाईनं तिच्या ओटीपोटावर हात ठेवला. गल्लीतल्या कितीतरी बाळंतपणांना ती हजर राहिली होती. "हे तर तिसऱ्या महिन्यातलं हाय गं."

"मग सुरुवातीचं कुठं गेलं?"

"ते झालं की मागच्या खेपेला," डाळ निवडता निवडता ती सहज बोलून गेली.

मग तिचा हात सुपातच थांबला.

अक्षरा आता रोज आईच्या पोटाशी तोंड न्यायची. बाहेरून घरात येणाऱ्या प्रत्येकाला आजी जे विचारायची, तेच ती हळूच विचारायची. "पाय धुतले का?"

पंधरा तारखेला डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर बोट टेकवलं. "अकरा आठवडे. ठोके छान आहेत."

"सहासुद्धा व्हायला नकोत, मॅडम. सहा जानेवारीला पाळी आली होती."

"तारीख चुकली असेल. होतं असं."

वृषालीनं बोटांवर आठवडे मोजले. नऊ मागचे. एक तारखेपासूनचे दोन.

ठोके ऐकत ती पडून राहिली. भीती वाटायला हवी होती. तिला एवढंच वाटलं, दमून आलं असेल.

घरी आल्यावर अक्षरानं तिच्यापुढं पाण्याचा तांब्या आणून ठेवला. अर्धं पाणी वाटेत सांडलं होतं.

वृषालीनं तिचा मुका घेतला. मग कपाट उघडून साड्यांखालचा ऑक्टोबरातला फोटो काढला.

तिचं नाव होतं. तारीख होती. कडेचे बारीक आकडे होते. गर्भाशयाची करडी कड जशीच्या तशी होती.

आत ठिपका नव्हता.