भिंतीवरची गोधडी

लाइट गेली तशी पोरांनी मामाला गच्चीवर गाठलं. "मामा, भुताची सांग. पण खरी हं."

"खोटी निघाली तर माझे कान उपटा," मामा म्हणाला. "ज्याच्यावर हे गुदरलं तो शिंपी माझ्या दुकानाला लागूनच बसतो. उद्या चेहरा बघून या. विचारू मात्र नका त्याला काही."

डिसेंबरातला दुसरा शनिवार. संध्याकाळी शिंपी पडद्याची दांडी आणायला बाजारात गेला होता. त्याची बायको पावसाळ्यात गेली. मागे राहिली एक लहानगी पोर, तिला सगळे चिमणी म्हणत, आणि बायकोनं आजारपणात हातानं शिवलेली गोधडी. पोर ती घरभर ओढत फिरायची, कोपरा तोंडात धरायची. टाके उसवत चाललेले. अशानं चिंध्या होतील, मग बायकोचं म्हणून उरणार काय? त्यानं ठरवलं, गोधडी भिंतीवर लावायची.

कापडातलं त्याला कोण शिकवणार! दुधातेलाच्या डागांना कसर लागते, म्हणून पोर आठवडाभर आत्याकडे होती तेवढ्यात त्यानं ती धुतली. कोमट पाण्यात, न पिळता. सावलीत आडवी वाळवली. मागून नेफा शिवला, म्हणजे भार सगळीकडे सारखा येतो. त्यात दांडी ओवली आणि ऊन पोचणार नाही अशा भिंतीला लावली. चित्रासारखी दिसली हो!

तेवढ्यात आत्या पोरीला घेऊन आली. बघतच राहिली. "दादा, भिंतीला थंडी वाजते का रे?"

"जपायला नको?"

"पोरीला जप आधी."

चिमणी धावली. गोधडीत नाक खुपसलं. पुन्हा खुपसलं. मग वळून म्हणाली, "बाबा, आई कुठे गेली?"

"ही काय, आईचीच आहे ना."

"नाही. आईचा वास होता त्यात. तो तू धुऊन टाकलास."

शिंप्याला तेव्हा कळलं आपण काय करून बसलो ते. पोर रडली असती तर बरं झालं असतं. रडली नाही. जेवली नाही. बापाशी बोलली नाही. आत्या घरी गेली, शिंप्यानं आतून कडी घातली. पोरीच्या अंगावर ब्लँकेट टाकलं, तिनं लाथेनं उडवलं. पुन्हा टाकलं, पुन्हा उडवलं. तशीच कुडकुडत झोपली. हा खुर्चीत बसून राहिला.

आणि लाइट गेली.

"आत्तासारखी, मामा?"

"आत्तासारखी."

काळोख. मग कापड घासल्याचा आवाज. दांडीवरून काहीतरी सरकत होतं... हळू.

कट्.

दोरा दातांनी तोडल्याचा आवाज. कात्री हाताशी असली तरी त्याची बायको दोरा दातांनीच तोडायची. तो कितीदा ओरडला होता तिच्यावर.

"तू... आहेस?"

काही नाही.

"माझं चुकलं गं. मला वाटलं..."

उठायला गेला. पाय उचलेनात. पोरीजवळ कुणीतरी वाकलं होतं. पोरीचं कुडकुडणं थांबलं. झोपेतच ती म्हणाली, "आई, पायावर पण."

पुन्हा कापड सरकलं.

"इकडे पण ये ना," शिंपी म्हणाला. "एकदाच..."

...

लाइट आली तेव्हा भिंत रिकामी होती. दांडी जागच्या जागी, स्क्रू पक्के. नेफा नीट उसवून दांडीवर लोंबत होता. दाराची कडी आतूनच. चिमणी गोधडीत नाक खुपसून गाढ झोपलेली. शिंपी त्या खुर्चीतच ढसाढसा रडला. पोरीजवळ आली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. सकाळपर्यंत तेच एक त्याच्या डोक्यात.

मामा थांबला.

"मग?" कुणीतरी हळूच विचारलं.

उजाडताना आत्या आली. शिंप्यानं दार उघडलं आणि चहा टाकायला वळला. आत्यानं त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि चटका बसल्यासारखा काढून घेतला. शर्ट मागून, खांद्याच्या खाली, ओला होता. गालाएवढा गोल. अजून कोमट.

"दादा," आत्या म्हणाली, "रडलास ते दिसतंय. पण स्वतःच्या पाठीवर कसं रडता येतं रे माणसाला?"