बेंबीच्या वर मूठ

लाइट येईल तेव्हा येईल, बसा इथंच गच्चीवर. पण आयुष, मध्येच फिदीफिदी हसलास तर गोष्ट तिथंच बंद. महेशला मी तो चड्डीत होता तेव्हापासून ओळखतो. थापा मारणाऱ्यातला नाही तो.

सिन्नरच्या अलीकडे, नायगाव रस्त्याला त्याचं घर. थोरला भाऊ पुंजा आखाडातलं मटण खायला शेतावर बसला आणि गेलाच. हाडाचा तुकडा घशात अडकला. सोबत एकटा मल्हारी, जिवाभावाचा दोस्त. अशा वेळी काय करायचं हे मल्हारीला तो कामाला होता त्या कंपनीनं शिकवलं होतं. माणसाच्या मागं उभं राहायचं, बेंबीच्या वर मूठ टेकवायची, दुसऱ्या हातानं ती धरायची आणि आत, वर असे हिसके द्यायचे. "हात भरून येईस्तोवर दाबलं, पण हाड नाय निघालं," असं सांगून मल्हारी ढसाढसा रडला होता. आईनं त्याला पोटाशी धरलं. तेव्हापासून सणाचं पहिलं ताट त्याचं.

गेल्या वर्षी दीप अमावास्येला, गुरुवारी, पुंजाचं वर्षश्राद्ध होतं. कावळा काही पानाला शिवेना. "म्हशी इकणार नाय," आई म्हणाली. "महेशचं लग्न करीन." कावळा ढिम्म. शेवटी ती म्हणाली, "मल्हारीला जेवू घालीन रे बाबा." कावळ्यानं झडपच घातली! सगळ्यांचे डोळे भरून आले. मेल्यावरही दोस्ताची काळजी, असंच वाटलं सगळ्यांना.

मल्हारी मात्र ड्युटी सांगून आला नव्हता. म्हणून जेवणं आटोपल्यावर महेश डबा घेऊन मोटारसायकलवर सिन्नरला निघाला.

नाल्यापाशी गाडी एकदम जड झाली. मागचं टायर बसलं असेल, त्याला वाटलं.

मग कमरेभोवती दोन हात आले. गार.

एक मूठ बेंबीच्या वर टेकली. दुसऱ्या हातानं ती धरली. दाबली नाही. नुसती... ठेवली.

महेशनं आरशात पाहिलं. मागं फक्त रस्ता होता.

सिन्नरला पोचेपर्यंत ती मूठ हलली नाही. मल्हारीनं खोलीचं दार उघडलं, तेव्हा कुठं सुटली. मल्हारीची नजर महेशच्या खांद्यावरून मागं गेली आणि तिथंच राहिली.

"आईनं पाठवलंय, दादा. जेव."

मल्हारीनं वड्याचा घास घेतला. आणि हात गळ्याला गेले. आवाज नाही. खोकला नाही. ओठ निळे पडायला लागले.

"दादा! दादा, काय करू?"

महेशला काहीच येत नव्हतं.

तेवढ्यात मल्हारी चवड्यांवर उचलला गेला. मागून कुणी मिठी मारावी तसा. त्याचा सदरा बेंबीच्या वर आत दबला. एक हिसका. दुसरा... तिसरा...

घास फरशीवर पडला.

"त्यानं धरलं मला," मल्हारी म्हणाला.

"तूपण धरलं होतंस ना त्याला, दादा?"

"नाय रे. हातात मेला असता तर केस माझ्यावर आली असती. पुंजा हात पुढं करून माझ्याकडंच येत होता, महेश... मी मागं मागं सरलो."

भाऊ गेला तेव्हा महेश रडला होता. आता त्याला रडूही येईना. भावाला मरू दिलं ते दिलं, आणि वर्षभर आईच्या हातचं पहिलं ताट जेवला हा माणूस! महेशनं डबा उचलला. श्राद्धाचा घास तुडवला जाऊ नये म्हणून तोही उचलायला वाकला.

उडदाचे वडे आईनं स्वतः तळले होते. त्या दिवशी घरात मटणाचं भांडंसुद्धा चुलीपाशी आलं नव्हतं.

घासात हाडाचा तुकडा होता.