एका दिशेचे गर्भ

औषधं आणि प्लॅस्टिक यांचे अंश पाण्यातून पोटात गेले, की गोगलगाईंची पिल्लं नीट वाढतात का, हे ती सहा वर्षं तपासत होती. प्रयोगशाळेत तिला सगळे गोगलगायबाई म्हणत. तिलाही त्याचं काही वाटत नसे.

गोगलगाईच्या अंड्यातला गर्भ सारखा गोल फिरत असतो. काचेच्या बशीत नळाच्या पाण्यात ठेवलेले गर्भ मात्र मंगळवारी सकाळी थांबले. मेले नव्हते, भिंगातून काळजाचे ठोके दिसत होते. सगळ्यांची तोंडं खिडकीकडे होती. तिने बशी फिरवून ठेवली. चहा पिऊन येईपर्यंत ते पुन्हा खिडकीकडे वळले होते.

"उजेडाकडे वळत असतील," शेजारच्या टेबलावरचे रसायनतज्ज्ञ म्हणाले.

तिने बशी काळ्या कापडात गुंडाळून तळघरात नेली. तोंडं त्याच दिशेला.

"बाई, नाद सोडा. हे छापणार कोण?" रसायनतज्ज्ञ म्हणाले.

"छापायचं नंतर बघू. माझी धाकटी बहीण हेच पाणी पिते. सातवा चाललाय तिला."

दुपारी बशी घेऊन ती शहराच्या तीन टोकांना गेली. प्रत्येक ठिकाणी गर्भ स्थिर होऊ दिले आणि नकाशावर रेघ ओढली. तिन्ही रेघा जलशुद्धीकरण केंद्रातल्या जुन्या टाकीवर मिळाल्या.

तिथला अभियंता आधी हसला. ती फाटकातून हलेना, तेव्हा त्याने टाकीचं झाकण काढायला लावलं. पाणी नितळ होतं. गाळ नाही, वास नाही, तळाशी काही नाही.

तिने बशी टाकीवर धरली आणि भिंग त्याच्या हातात दिलं. गर्भ सरळ खाली बघत होते.

अभियंत्याने भिंग परत केलं. "टाकी बंद करायला कारण काय लिहू?"

"काहीही लिहा. खाली सही माझी घ्या."

तासाभरात टाकी बंद झाली. तिथून ती तडक बहिणीकडे गेली.

"डॉक्टर म्हणाले, सगळं ठीक आहे," बहीण सोफ्यावरून म्हणाली. "एक गंमत आहे फक्त, ताई. मी कुठल्याही कुशीवर वळले, तरी बाळ फिरून त्याच बाजूला जातं."

"कुठल्या?"

बहिणीने स्वयंपाकघराच्या भिंतीकडे बोट केलं.

ताईला नकाशा उघडावा लागला नाही; टाकी त्याच बाजूला होती.

"चार कपडे घे. आपण निघतोय."

अंधार पडायच्या आत गाडी शहराबाहेर पडली. ताईने एकदाही वेग कमी केला नाही.

शहर मागे पडल्यावर बहीण कंबरेवर हात ठेवून हळूच म्हणाली,

"ताई, आता ते पाठीकडे वळलंय."