कॅसेटीतलं बारसं

जुनी कॅसेट कॉम्प्युटरवर घ्यायची तर घाई चालत नाही. फोटो भराभर स्कॅन होतात. कॅसेट जेवढ्या मिनिटांची, तेवढी मिनिटं ती वाजू द्यावीच लागते. व्हीसीआरच्या वायरी एका छोट्या डबीत जातात, डबी कॉम्प्युटरला, आणि स्क्रीनवरच्या चौकोनात चित्र हलतं तसतशी फाईल भरत जाते. मधेच उठलं आणि फीत अडकली तर मशीन ती चघळून ठेवतं. म्हणून मी दुपारी बसायचे. सासूबाई आत आडव्या झालेल्या, नवरा अजिनाथ एमआयडीसीत पहिल्या पाळीला, आणि माझ्या पायाशी लेक ज्ञानू, स्टीलच्या वाट्या एकात एक घालत.

ज्ञानेश्वरी दोन वर्षं दोन महिन्यांची होती आणि हाकेला वळत नव्हती.

बहिरी नव्हती. नगरमध्ये दोन ठिकाणी कान तपासले, मशीनवर झोपवून तपासले, सगळं नॉर्मल. कुकरची शिट्टी झाली की दचकायची. भिस्तबाग चौकातून बँड गेला की खिडकीकडं धावायची. फक्त 'ज्ञानू' म्हटलं की तिच्या अंगावर काही उमटायचं नाही. झोप आली की वरच्या ओठावर अंगठा दाबून 'हुं-हुं' असा एकाच सुरातला आवाज काढायची. तेवढंच तिचं बोलणं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, वडिलांकडं कुणी उशिरा बोलायला लागलं होतं का? तो प्रश्न मी घरी आणला, ही माझी चूक.

सासूबाईंनी, म्हणजे राहीबाईंनी, तो सरळ स्वतःच्या अंगावर घेतला. आमच्यात कुणी मुकं नव्हतं म्हणाल्या. मग गावाकडं फोन लावून कुणाला तरी सांगत बसल्या, की सून शिकलेली आहे, पोरीशी निम्मं इंग्रजीत बोलते, पोरीला कळायचं तरी कसं कुणाला ओ द्यायची. मला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात. फोन ठेवल्यावर माझ्याकडं वळून म्हणाल्या, "माझा अजिनाथ दहाव्या महिन्यात ओ देत हुता. पटत नसंल तर कॅसेटी हायेत."

कॅसेटी होत्या. माझे सासरे रामहरी यांचा घोडेगावला फोटो स्टुडिओ होता. बाजाराच्या दिवशी बैलजोड्यांचे फोटो, बाकी दिवस लग्नं. पुढं त्यांनी व्हिडिओ कॅमेरा घेतला. ते जाऊन चार वर्षं झाली, पण त्यांची पत्र्याची पेटी आमच्या माळ्यावर होती. मी चितळे रोडच्या मागच्या एका दुरुस्तीवाल्याकडून जुना व्हीसीआर आणला आणि पेटीतली पहिली घरची कॅसेट काढली. तिच्यावर सासऱ्यांच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'घरचे. बारसे. १९९४.' दहाव्या महिन्याची पुढं कुठंतरी असणार. मी क्रमानंच जायचं ठरवलं.

चित्र बरं होतं. घोडेगावचं जुनं घर, पत्र्याखालच्या आडव्या लाकडाला टांगलेला पाळणा, त्याला झेंडूच्या माळा. सासूबाई माझ्याहून लहान, डोक्यावर पदर, कॅमेऱ्याकडं न बघणाऱ्या. भोवती गावातल्या बाया.

आमच्याकडं बारशाला आधी वरवंटा पाळण्यात घालतात. त्याला बाळासारखं फडक्यात गुंडाळायचं, टोपडं घालायचं, आणि दोन बायांनी 'गोविंद घ्या, गोपाळ घ्या' म्हणत पाळण्याच्या वरून-खालून एकमेकींच्या हातात द्यायचा. मग बाळाला तसंच फिरवायचं, पाळण्यात निजवायचं, वरवंटा त्याच्या पायाशी. मग आत्या वाकून बाळाच्या कानात नाव सांगते, 'कुर्र' करते, आणि बाकीच्या बाया तिच्या पाठीत धपाटे घालतात. ज्ञानूचंही आम्ही असंच केलं होतं.

कॅसेटमध्ये दोन्ही गाठोडी एकाच पोपटी कापडाची होती. भीमाआत्या, म्हणजे सासऱ्यांची बहीण, पुढं आली, हसत, दातांवर पदर धरून. तेवढ्यात चित्र काळं झालं. लाईट गेली असणार. आवाज मात्र चालू होता. बांगड्या, हसणं, कुणीतरी "अगं चाचपून बघ की" म्हणालं. धपाटे. पुन्हा हसणं.

पायाशी वाट्यांचा आवाज थांबला.

ज्ञानूनं मान वर केली. स्पीकरकडं पाहिलं आणि स्वच्छ म्हणाली, "ओ."

मी काय केलं ते लिहायला नको. कॅसेट चालूच राहिली, मी तिला छातीशी धरून बसले. पुढं लाईट आली, बाया बाळाला घेऊन जेवायला उठल्या, सासऱ्यांनी कॅमेरा स्टँडवर तसाच सोडला आणि बराच वेळ नुसता पाळणा दिसत राहिला. मग निळा पडदा. फाईल झाली एक्केचाळीस मिनिटं बारा सेकंदांची.

ती कशाला वळली ते मला शोधायचं होतं. त्या अंधारातल्या भागावर पट्टे उमटले होते, आवाज खरखरत होता. मी व्हीसीआरचं फीत वाचणारं हेड साफ केलं आणि दुसऱ्या दुपारी हेडफोन लावून कॅसेट पुन्हा घेतली. या वेळी बायांच्या गलबल्याखाली कुजबूज कळली. सासऱ्यांचा कॅमेरा पाळण्यापासून दहा-बारा फुटांवर असेल. कुजबूज कानाला ओठ लावल्यासारखी जवळून येत होती. एकच शब्द, दोनदा.

कल्याण. कल्याण.

मी हेडफोन काढला. ज्ञानू दाराकडं तोंड करून बसली होती. मी नेहमीच्या आवाजात म्हटलं, "कल्याण."

ती उठली, चालत आली आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवलं.

अजिनाथला त्यात वावगं काही वाटलं नाही. तो पाळीवरून आला, डबा ओट्यावर ठेवला, मी सांगितलं तशी त्यानं हाक मारून पाहिली, आणि पोरगी त्याच्याकडं धावली तेव्हा त्याचे डोळे भरले. म्हणाला, असू दे लाडाचं नाव, आमच्या कंपनीत एकाच्या मुलीला घरी बंड्या म्हणतात. डॉक्टरांना उद्या फोन कर.

सासूबाई मात्र भिंतीला टेकल्या. हे नाव तुला कुणी सांगितलं, असं त्यांनी विचारलं. मी कॅसेटचं सांगितलं. अजिनाथ आंघोळीला गेल्यावर त्या जवळ आल्या.

"कल्याणच ठेवायचं ठरलं हुतं त्याचं," त्या म्हणाल्या. "लाईट गेली, अन् भीमानं अंधारात वरवंट्याच्या कानात सांगितलं. समद्या हसाय लागल्या. पर म्हाताऱ्या बाया म्हन्ल्या, सांगितलेलं नाव माघारी घेता येत न्हाई. ज्याला सांगितलं त्याचं झालं. मंग पोराला अजिनाथ सांगितलं."

"आणि वरवंटा?"

"वरवंट्याचं काय? तीस वर्सं मसाला वाटला त्याच्यानं."

ज्ञानूच्या बारशाला कुठला ठेवला होता, असं मी विचारलं.

"घरचाच ठेवत्यात," त्या म्हणाल्या आणि भाजी निवडायला घेतली.

मी बी.एस्सी. आहे. योगायोग काय असतो ते मला कळतं. आणि खरं सांगायचं तर मला कळून घ्यायचंही नव्हतं. माझी मुलगी हाकेला वळत होती. आठ दिवसांत ती 'पानी' म्हणायला लागली, पंधरा दिवसांत 'मला न्हाई पायजे'. घरात असं बोलणाऱ्या एकट्या सासूबाई. त्यांनीही आता तिला त्याच नावानं हाक मारायला सुरुवात केली, आधी चाचरत, मग सहज. नातू झाला नाही म्हणून दोन वर्षं तोंड वाकडं करणारी बाई तिला मांडीवर घेऊन दूधभात भरवायला लागली. शेजारणींना सांगायची, आमच्या रक्तात कुणी मुकं नव्हतंच. मला कुणी काही म्हणेना. चांगली आई व्हायला एवढंच पुरतं, हे मला नव्यानं कळलं.

झोपताना ती अंगठा ओठावर ठेवेनाशी झाली. 'हुं-हुं' बंद झालं. आता ती डोळे मिटायची आणि लगेच झोपायची, कूस न बदलता. कडेवर घेतलं की जड लागायची. अंगणवाडीत वजन केलं तर काटा मागच्या महिन्यापेक्षा फक्त दोनशे ग्रॅम पुढं.

कॅसेटकडं मी पुन्हा वळले ते पेन ड्राइव्हसाठी. भीमाआत्याला बारशाची फाईल हवी होती. फोल्डर उघडला तर दोन फाईली. पहिली एक्केचाळीस मिनिटं बारा सेकंद, दुसरी एक्केचाळीस एकतीस.

व्हीसीआर जुना असला की वेगात फरक पडतो. पण एकोणीस सेकंद पडत नाही. मी दोन्ही फाईली स्क्रीनवर शेजारी शेजारी लावल्या. बाया उठेपर्यंत तसूभरही इकडचं तिकडं नव्हतं. पहिली पाळण्यावर संपत होती. दुसरी संपत नव्हती. पाळणा तसाच, घरात कुणी नाही, लांबून पत्रावळींचा आवाज. पाळण्यातलं कापड हलत होतं. आणि आतून एकाच सुरात येत होतं, 'हुं-हुं'.

मी कॅसेट तिसऱ्यांदा लावली. एक्केचाळीस मिनिटं हलले नाही. शेवटी पाळणा आला. पोपटी कापड हलत होतं, पाळणा आपोआप हळू झुलत होता. तीस वर्षांपूर्वीचं चित्र. मी माइकवर बोलत नव्हते, माइक जोडलेलाच नव्हता. मी फक्त स्क्रीनजवळ तोंड नेलं.

"ज्ञानू," मी म्हटलं.

पाळणा थांबला.

कापडाच्या कडेवर चार बारीक बोटं आली.

मग निळा पडदा. बेचाळीस मिनिटं चार सेकंद.

तेव्हापासून मी रोज कॅसेट लावते. एकदाच. प्रत्येक वेळी हेडवर तपकिरी भुकटी साठते. ती फीत झिजल्याची असते. पहिली चाळीस मिनिटं आता जवळजवळ पांढरी झाली आहेत, बायांचे चेहरे गेले, गाणी गेली. शेवट मात्र वाढतो आणि स्वच्छ होत जातो. किती वेळा वाजेल सांगता येत नाही. दुरुस्तीवाला म्हणाला, ताई, आहे ती फाईल ठेवा आणि कॅसेट बाजूला टाका, तुटेल. फाईल पुन्हा पुन्हा लावून उपयोग नसतो. फाईलमधली हाकेला वळत नाही. वळते ती फक्त फीत फिरत असताना.

बोटांनंतर तिची टाळू दिसली. मग ती बसली. मग पाळण्याची दोरी धरून उभी राहिली, माझ्या मुलीच्या अंगावरचा, माझ्या आईनं शिवलेला फ्रॉक घालून. मी नाव घेतलं की इकडंतिकडं बघायची. आवाज कुठून येतो ते तिला कळत नव्हतं, पण नाव आपलं आहे हे कळत होतं. दोन वर्षं मी एवढंच मागितलं होतं.

हे मी अजिनाथला दाखवलं. त्यानं पाळणा पाहिला, मला पाहिलं, आणि विचारलं की दुपारी झोप होते ना तुझी. त्याला रिकामा पाळणा दिसला.

काल बाया जेवून परत येताना ऐकू आल्या. चपला, तांब्याचा आवाज. मी घाईनं तिचं नाव घेतलं, दोनदा, तीनदा. ती दोरीला धरून रडायच्या बेतात होती.

आज कॅसेट लावली तेव्हा सासूबाई देवळात गेल्या होत्या. एक्केचाळीस मिनिटं पांढरा पडदा बघत बसले. मग पाळणा आला. ती उभी होती. मी तोंड उघडलं, तेवढ्यात कडेनं एक हात आत आला. मनगटाला हिरव्या बांगड्या, बाकी बाई चौकटीबाहेर. त्या हातानं तिचे डोळे पुसले. कुणाचा हात ते ओळखू आलं नाही, पण तो घाईत नव्हता.

"ज्ञानू," ती बाई म्हणाली.

"ज्ञानू," मीही म्हटलं. जोरात म्हटलं.

ती माझ्या बाजूला वळली नाही. तिनं त्या बाईकडं तोंड केलं, दोन्ही हात वर केले आणि पहिल्याच हाकेला म्हणाली, "ओ, आई."

त्या हातांनी तिला उचललं. पाळणा रिकामा हलत राहिला. व्हीसीआरमध्ये काहीतरी कट्कन तुटलं आणि निळा पडदा आला.

मी किती वेळ बसले माहीत नाही. खोलीत ऊन सरकून भिंतीवर गेलं होतं. स्वयंपाकघरातून पाटा ओढल्याचा आवाज आला आणि मग हाक, अगदी शांत, मोठ्या माणसासारखी, "आई, भूक लागली."

"आले रे," मी म्हटलं.