मंडईच्या दिवशी हरवलेलं नाटक

मंडईच्या दिवशी सकाळी गावाचं नाटक चोरीला गेलं.

म्हणजे पडदे जागेवर होते, पेटी-तबला जागेवर होता, मैदानात मंडपही उभा होता. गेली होती ती वही. त्या वर्षी मंडईला, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेला, गावाने नवंकोरं नाटक बसवलं होतं आणि ते पुरतं लिहिलेलं असं त्या एकाच वहीत होतं. नटांकडे आपापल्या संवादांचे चिटोरे तेवढे. त्यात या मोहाडी भागातल्या नटांचा भरवसा पाठांतरावर कमी आणि विंगेत बसलेल्या प्रॉम्प्टरवर जास्त. त्याने ओळ वाचायची, नटाने ती उचलायची. वही नाही तर पहिला अंकसुद्धा उभा राहणार नव्हता.

वही असायची प्रॉम्प्टर पुंडलिकगुरुजींच्या लोखंडी पेटीत. पेटीची किल्ली गुरुजींच्या करदोड्याला. सकाळी कुलूप शाबूत निघालं आणि पेटी रिकामी.

पोलीस पाटील टेकचंद हे घनश्यामच्या दारात येऊन उभे राहिले, तेव्हा तो दाढी करत होता.

"घनश्याम, काल सांजी गुरुजीकडे कायले गेला होता?"

"बोलाले."

"काय बोलाले?"

घनश्यामने वस्तरा खाली ठेवला. "एक अंक तरी मले वाचू द्या, म्हणून सांगाले."

"मंग?"

"चालता हो म्हणाले."

"आन आज वही नाई. गाव काय बोलून राहिलं, ठाऊक आहे ना तुले?"

गाव दुसरं काय बोलणार? घनश्याम गुरुजींवर जळतो, हे शेंबड्या पोरानेही सांगितलं असतं. जवाहरनगरच्या कारखान्यात तो कारकून. दर मंडईला रजा काढून गावी यायचा आणि विंगेच्या मागे उभा राहून गुरुजींबरोबर हलकेच ओळी म्हणायचा. एकदा त्याची बायको निर्मलाबाई सहज म्हणाली, "गुरुजी वाचतेत तं नाटक डोळ्यापुढं येते." त्या दिवशी घनश्याम जेवला नाही. गुरुजींना खोकला झाला की त्याला बरं वाटायचं. मग स्वतःची लाज वाटायची, पण बरं वाटणं काही थांबायचं नाही.

"सांज होयपावेतो वही सापडली नाई, तं मले तुह्यंच नाव घ्या लागन," पाटील म्हणाले. "मंग या गावात तुले विंगेत कोणी पाय ठेवू देणार नाई. मी बी नाई."

घनश्यामच्या अंगाची लाही झाली. त्याने चोरी केली नव्हती. पण चोरीचा विचार मनात येऊन गेला होता, आणि म्हणूनच आळ जास्त झोंबला.

"मले गुरुजीच्या घरी घेऊन चाला," तो तोंड पुसत म्हणाला.

गुरुजी आतून बाहेर आले ते उजवा खांदा चौकटीवर आपटूनच. "या दाराले काय झालं!" म्हणत त्यांनी खांदा चोळला. अख्खा जन्म त्याच दारातून ये-जा केलेला माणूस. घनश्यामला पाहताच त्यांचं तोंड कडू झालं.

"आला का चोर?"

"गुरुजी, पयले तक्रार लिहून द्या," पाटील म्हणाले.

गुरुजी बसले आणि लिहू लागले. अक्षर कसं, तर मोत्यासारखं. अर्ध्या गावाला त्यांनीच अक्षरं गिरवायला शिकवलेली, त्यात घनश्यामही आला. मध्येच शकुंतलाबाईंनी चहा आणला. गुरुजी थांबले, बोलले, पुन्हा लेखणी उचलली. घनश्यामने वाकून पाहिलं. नवी ओळ आधीच्या ओळीवर चढली होती. आणि लिहिलं होतं तेच, जे वर एकदा लिहून झालं होतं.

"वाचून दाखवा," पाटील म्हणाले.

"घसा बसला आहे माहा. तुमीच वाचा." असं म्हणत गुरुजींनी हात हलवला आणि उजवीकडे ठेवलेला कप लवंडला. "इथं कायले ठेवला?" ते बायकोवर खेकसले. "सांगून ठेवत जा ना!"

घनश्यामने विचारलं, "गुरुजी, पेटीची किल्ली कोणाजवळ होती?"

"माह्याजवळ."

"रातभर?"

"रातभर."

"मंग कुलूप न तोडता वही गेली कशी?"

"तू आला तेव्हा पेटी उघडी होती. जाता जाता तूच उचलली."

"तेव्हा वही पेटीत नव्हती. तुमच्या मांडीवर होती. तुमी तिच्यातल्या अक्षरावर बोट फिरवून राहिले होते, पयलीतल्या लेकरावाणी."

गुरुजींनी मान फिरवली. "पाटील, हा चोर मले प्रश्न विचारून राहिला, आन तुमी ऐकून घेता?"

घनश्याम उठला आणि मागच्या अंगणात गेला. शकुंतलाबाई चहाचा कप विसळत होत्या.

"काकू, गुरुजीची तब्येत कशी आहे?"

"कायची तब्येत, बावा! दिवाळीच्या तोंडावर एक दिवस डोकं लई दुखलं. आंधारी आली. डॉक्टरकडे चाला म्हटलं तं अंगावर आले. दुसऱ्या दिवशी रंगीत तालीम होती, तिथं बी नाई गेले."

"घसा बसला म्हणून?"

"घसा? मले बोलतानी तं चांगला खणखणीत रायते." त्यांनी आवाज खाली आणला. "तवापासून ताटातली उजवीकडची भाजी तशीच रायते, आन भाजी काहून नाई वाढली म्हणून मलेच बोलतेत."

"पेपर वाचतेत?"

"घेतेत हातात. पयले मोठ्यानं वाचून दाखवत. आता नाई दाखवत."

घनश्यामच्या ऑफिसात बाबूलाल नावाचे हेडक्लार्क होते. त्यांच्या आजारपणाची हकिकत त्याला आठवली. त्याने पाटलांकडून एक कोरा कागद मागून घेतला आणि तो घरी गेला.

ऊन कलायच्या आत तो परत आला. खिशातून घडी केलेला कागद काढला.

"पाटील, जे झालं ते मी लिहून आणलं. गुरुजीनं वाचावं. पटलं तं खाली सही करावी. मंग मी काही बोलणार नाई."

गुरुजींचे डोळे चमकले. इतका आनंद त्यांच्या तोंडावर घनश्यामने कधी पाहिला नव्हता. त्यांनी कागद घेतला. नजर एका ओळीवरून दुसरीवर नेली, शेवटपर्यंत आणली, मान डोलावली.

"आला शेवटी ठिकाणावर! एवढ्या वर्साची जळन होती तुही. बाहेर पडली ते बरं झालं." आणि त्यांनी ऐटीत सही ठोकली.

"सगळं बरोबर आहे ना, गुरुजी?"

"अक्षर न् अक्षर बरोबर."

"पाटील, आता मोठ्यानं वाचा."

पाटलांनी चष्मा लावला. "नाटकाची वही घनश्यामने चोरली नाही. ती मीच लपवली आहे." ते थांबले. कागद उलटसुलट करून पाहिला. "गुरुजी, हे काय? खाली सही तं तुमची आहे!"

गुरुजींच्या हातून लेखणी पडली.

"त्यांचा दोष नाई, पाटील," घनश्याम म्हणाला. "त्यायले वाचताच येत नाई आता."

"काय बोलतं? आत्ता तक्रार लिहिली ना त्यायनं!"

"लिहिता येते. वाचता येत नाई. आमच्या बाबूलालचं असंच झालं होतं. आजारातून उठले, आपल्या हातानं अर्ज लिहिला, आन साहेबानं वाच म्हटलं तं आपलाच अर्ज वाचता येईना. नागपूरच्या डॉक्टरनं समजावून सांगतलं. दिसते ते डोक्याच्या मागच्या अंगाले उमटते, शब्द असतेत डाव्या अंगाले. मधातला रस्ता बंद पडला, तं अक्षर दिसते, पण त्याचा शब्द होत नाई. लिहिणं शब्दापासून सरळ हाताले जाते. तो रस्ता चालू रायते."

"आन डोळे?"

"डोळे धड असतेत. पण त्याच दुखण्यानं उजवीकडचं दिसत नाई. म्हणून चौकट लागली, कप सांडला, भाजी रायली. तक्रार लिहितानी मधात थांबले, तं आपण काय लिहिलं ते वाचता येईना. म्हणून तेच पुन्हा लिहिलं. अक्षरावर बोट फिरवलं तं हात सांगते, हा 'क' आहे म्हणून. काल सांजी तेच चाललं होतं. पण तसं अख्खं नाटक कसं वाचणार? जुनं नाटक असतं तं पाठ होतं त्यायले. हे नवं आहे. म्हणून तालीम चुकवली, आन म्हणून वही गेली. कुलूप लावणारा आन वही काढणारा माणूस एकच आहे, पाटील."

मग गुरुजीच बोलले.

"धानाच्या कोठीत आहे. जाळणार होतो. हात धजला नाई." त्यांनी तोंडावरून पंचा फिरवला. "सकाळी उठलो तं पेपर कानडीत छापल्यावाणी दिसे. वाटलं, येड लागलं मले. कोणाले सांगू? गुरुजीले वाचता येत नाई म्हणून?"

"येड नाई ते," घनश्याम म्हणाला. "उद्याच नागपूरले जाऊ."

शकुंतलाबाई डोळ्याला पदर लावून कोठीकडे गेल्या आणि वही घेऊन आल्या. "पाटील, गावाले सांगा, साफसफाईत माह्याच हातानं तिकडे गेली म्हणून. माह्यं काय जाते?"

पाटलांनी मान हलवली. पण त्यांचं समाधान झालं नव्हतं.

"एक गोष्ट समजली नाई, गुरुजी. घसा बसला म्हणून सांगतच होते तुमी. तेवढंच सांगून वही घनश्यामले देली असती, तं कोणाले काई कळलं नसतं. गावाचं नाटक बुडवाले निघाले, या बिचाऱ्यावर आळ घेतला. काहून?"

गुरुजींनी घनश्यामकडे बोट केलं.

"वाईट वाचत असता, तं कवाच देली असती," ते म्हणाले. "विंगेच्या मागं उभा राहून ओळी म्हणे ना हा, ते मले ऐकू ये. दर वर्सी. माह्यापेक्षा चांगला वाचते तो. एकदा का लोकायनं ऐकलं असतं, तं मले कोणी इचारलं नसतं. तो माह्यावर जळे ते गावाले दिसे. मी जळो ते कोणाले दिसलं नाई."

त्यांनी बायकोच्या हातून वही घेतली आणि घनश्यामपुढे धरली.

घनश्यामने ती घेतली. ज्या एका शाबासकीसाठी तो इतकी वर्षं जळत राहिला होता, ती आज खुद्द गुरुजींच्या तोंडून मिळाली होती, आणि त्याला त्या तोंडाकडे बघवत नव्हतं.