गार विहीर आणि गरम पाठ

विहिरीतून वर आले तेव्हा माझे दात कडकड वाजत होते. अंग पुसलं आणि थोड्या वेळानं कान, गाल, पाठ सगळं रसरसायला लागलं. पौषातली सकाळ, पाणी बर्फासारखं, आणि मला म्हणे गरम होतंय! ताप तर नव्हे? रविवारी मेघनाआत्या धरणाच्या पाण्यात उतरून मासे मोजणार होती, आणि मी ठणठणीत असले तरच मला नेणार होती. ताप आला म्हणजे संपलंच. मी स्वतःची समजूत घातली की सकाळी तिळाच्या चिक्क्या हाणल्या ना, त्यांची उष्णता झाली असणार, दुसरं काय.

पण खंड्यापुढे कुणाचं काही चालत नाही. खंड्या म्हणजे आत्यानं बनवलेला, पोहायला शिकवणारा निळा यंत्रमानव. महाचोंबडा. त्यानं माझ्या जिभेखाली तापमापक सरकवला, पाठीला बोट लावलं आणि जाहीर केलं की ताप नाही, उलट कातडी अजून गारच आहे. याचं डोकं फिरलंय, असं मी आत्याला सांगितलं.

आत्या हसली आणि कठड्यावर बसून समजावू लागली. गार पाणी लागलं की कातडीतल्या रक्तवाहिन्या (रक्त नेणाऱ्या बारीक नळ्या) आक्रसतात, म्हणजे ऊबदार रक्त आतच राहतं. बाहेर आलं की त्या सैल होतात आणि ते रक्त पुन्हा कातडीकडे धावतं. आता कातडीतले ग्राही (ऊन-गार टिपणारी मज्जातंतूंची टोकं) काही तापमापक नव्हेत. मघापेक्षा आता कसं, एवढंच त्यांना कळतं. गारठ्याला सरावल्यावर जराशी ऊबही त्यांना आग वाटते.

"म्हणजे मला गरम वाटतंय, पण मी गरम नाहीये?"

"अगदी बरोबर. मग, मारतेस अजून एक फेरी?"

मला तर लगेच सूर मारायचा होता. फेरी मारली तर आत्या खूश होईल, रविवार पक्का होईल, असंही वाटलं. पण कातडी थापा मारतेय, तर अंग अजून गारच असणार, आणि पुन्हा उतरले तर ते आणखी गार पडणार. मी चरफडत स्वेटर डोक्यातून घातला आणि आज नाही म्हणून सांगितलं. रविवार गेला असं वाटून डोळ्यांत पाणीच आलं.

आत्यानं माझ्या ओल्या डोक्यावर टपली मारली.

"धरणाचं पाणी याहून गार असतं. अंग 'चल' म्हणत असताना थांबणारं माणूसच मला तिथं सोबत हवंय. रविवारी उजाडायच्या आत तयार राहा."